धाकट्याला पोहायचं होतं

शनिवार

पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला लागायच्या आधीच धाकट्याने पोहण्याचा गॉगल कपाळावर चढवला होता. जानेवारीची थंडी, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि वर निळा गॉगल. फलाटावरचा चहावाला हसला. थोरलीने लगेच आपली बॅग उचलली आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

चूक मामाची होती. सव्वीस जानेवारीची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली म्हणून मी सहज फोन केला, तर तो म्हणाला, "या की. ठाणं म्हणजे तळ्यांचं गाव. तळ्याकाठी तंबू ठोकू, पोहू, देवळं-बिवळं दाखवतो पोरांना." धाकट्याने या वाक्यातलं फक्त 'पोहू' ऐकलं. पुढचे आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

ठाणं माझं आजोळ. चरईत आजोबांचं घर होतं, तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मामा-मामी राहतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे काढूनही मी ठाणं 'बघायला' कधी गेले नव्हते. आजोळ कोणी बघायला जात नाही. तिथे खायचं, झोपायचं आणि मामाच्या स्कूटरवर पुढे उभं राहून तलावपाळीला जायचं.

मामा स्टेशनवर हजर होता. थोरलीने फलाटावरच सोळा एप्रिल १८५३ म्हणून दाखवलं: बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. मामाने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळ्यांना पाठ असतं. पुढचं सांग. इथून खाडी ओलांडून गाडी कल्याणला कधी गेली?" थोरली गप्प. "१ मे १८५४. वर्षभरात. ती गेली म्हणून तुम्ही आज त्या वाटेने आलात." सुरुवातीलाच एक गुण मामाला.

स्टेशनपासून चालत मामलेदार मिसळ. तहसीलदार कचेरीच्या शेजारचं हे ठिकाण, म्हणून हे नाव. आम्ही नाशिकचे, मिसळीच्या बाबतीत आमचं नाक जरा वर असतं. आमच्याकडे मिसळ म्हणजे सोबत पापड, दही, शेतातली बाज, झाडाखालची सावली आणि दोन तास. इथे बाक, गर्दी आणि मागे उभं राहून आपल्या ताटलीकडे बघणारा पुढचा गिऱ्हाईक. पण तर्री! मी 'मध्यम' मागितली आणि तिसऱ्या घासाला कान गरम झाले. नाक आपोआप खाली आलं.

तिथून मासुंदा. ठाणेकर त्याला मासुंदा म्हणत नाहीत, तलावपाळी म्हणतात. पाळ म्हणजे बांध. म्हणजे गावाने नाव पाण्याला दिलं नाही, काठाला दिलं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि पुढचे तीन दिवस सारखं आठवत राहिलं, कारण आम्हाला मिळालं ते सगळं काठावरच मिळालं.

धाकट्याने कठड्यातून डोकं घातलं. पाणी हिरवट, शांत, मधे पायाने चालवायच्या होड्या. "इथे?"

"इथे नाही," मामा म्हणाला. "इथे होडीत बसायचं."

होडीत बसलो. त्याने पाण्यात हात घातला तर काठावरून शिट्टी वाजली.

तळं शिलाहारांच्या काळातलं मानतात. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचं हे एक मोठं ठाणं. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खणताना एक ताम्रपट निघाला, अरिकेसरी राजाचा, शके ९३९चा, म्हणजे १०१७ सालचा. त्यात या गावाचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. स्थानकाचं ठाणक, ठाणकाचं ठाणं. थोरलीला हे फार आवडलं. "म्हणजे ठाणे स्थानक म्हटलं की स्थानक स्थानक होतं?" मामा एवढा खूश झाला की त्याने तिला तिथल्या तिथे बर्फाचा गोळा घेऊन दिला. मिसळीनंतर गोळा. मामीला सांगायचं नाही असं ठरलं.

तळ्याच्या पूर्वेला कोपिनेश्वर. जांभळी नाक्याचा भाजीबाजार ओलांडून जावं लागतं. मेथीच्या जुड्या आणि वालाच्या शेंगांचे ढीग यांतून वाट काढत देवळाच्या दारात पोचलो. मूळ देऊळ शिलाहारांचं म्हणतात. आजचं दिसतं ते पेशवाईतलं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६०च्या सुमारास उभारलेलं. गाभाऱ्यात गेल्यावर मुलं थबकलीच. एरवी पिंड म्हणजे वाकून बघायची गोष्ट. ही धाकट्याच्या डोक्यापर्यंत येत होती. चार फुटांहून उंच आणि दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावेल असा घेर. अभिषेकाच्या गळतीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. धाकट्याने ते बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाला, "देवाला रोज आंघोळ, मला काहीच नाही."

देवळाचं नाव काही जण कौपीनेश्वर लिहितात. कौपीन म्हणजे लंगोटी, हे मामाने सांगितल्यावर दोघं तिथेच फिदीफिदी हसत सुटली आणि आम्हाला प्रदक्षिणा अर्ध्यात सोडून बाहेर यावं लागलं.

दुपारी मामीच्या हातचं जेवण आणि झोप. त्याबद्दल काही लिहीत नाही, आजोळी दुपारी दुसरं काही होतच नाही.

संध्याकाळी मामाने आम्हाला तळ्याभोवती पायी फिरवलं. जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात किती काय आहे! तळ्याला लागूनच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, सतराव्या शतकातलं, पोर्तुगीजांच्या वेळचं. त्याच्याही मागे जायचं तर १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि नंतर ओडोरिक नावाचा त्यांच्यातलाच एक प्रवासी त्यांची हाडं इथून घेऊन चीनपर्यंत गेला. मामा हे असं सांगतो की जणू तो शेजारच्या चाळीतच उतरला होता.

मग टेंभी नाका. तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग, १८७९ सालचं, 'शार हाशामाईम' म्हणजे स्वर्गाचं दार. शनिवार होता, त्यांचा शब्बाथ. त्यामुळे आम्ही बाहेरूनच पाहिलं. हे लोक घरात मराठी बोलणारे, कोकण किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मामाच्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी मलिदा व्हायचा, गोड पोह्यांचा. साठ वर्षांनी मामाला त्या मुलाचं आडनाव आठवलं नाही, मलिद्यातलं खोबरं आठवलं.

फिरून पुन्हा तळ्यावर आलो तेव्हा गडकरी रंगायतनचे दिवे लागले होते. काठावर गर्दी, पाणीपुरी, फुगे, जोडपी, कट्ट्यावर बसलेले निवृत्त लोक. राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं हे नाट्यगृह १९७८चं. आईने मला पहिलं बालनाट्य तिथे दाखवलं. मला नाटक आठवत नाही. मध्यंतरात बाहेर येऊन पाण्यात हलणारे दिवे पाहिले, ते आठवतं.

"मामा, तू पोहायला कुठे शिकलास?" धाकट्याने विचारलं. त्याने दिवसभर हा प्रश्न राखून ठेवला होता.

"सिद्धेश्वर तळ्यात. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. तुझ्या पणजोबांनी मागून ढकललं."

"मग तिकडे जाऊ."

मामा म्हणाला, उद्या.

रविवार

रथसप्तमी. मामीने गॅलरीत छोट्या मातीच्या बोळक्यात, गोवरीच्या तुकड्यांवर, पूर्वेकडे तोंड करून दूध उतू घातलं. सातमजली इमारतींच्या फटीतून सूर्य आला तो पावणेआठला, तोवर दूध दोनदा उतू गेलं होतं. संध्याकाळी तिचं शेवटचं हळदीकुंकू, त्यामुळे ती आमच्याबरोबर येणार नव्हतीच. "आणि मी काय बिबट्याकडे झोपायला येत नाही," हेही तिने जोडलं.

आधी सिद्धेश्वर. मामा रिक्षात पुढे सरकून बसला होता, एखाद्याच्या घरी जाताना बसतो तसा. तळं आहे. कठडा आहे, फिरायला वाट आहे, भोवती वस्ती दाटली आहे. पाण्यापर्यंत जायला वाव नाही. मामाने एक कोपरा दाखवला, "इथे एक चिंच होती. तिच्यावरून मुटका मारायचो." चिंच नव्हती. पाण्याकडे पाहून तो म्हणाला, "तेव्हा तळ दिसायचा." मग थोडं थांबून, प्रामाणिकपणे, "नाही, दिसायचा नाही. पण आम्ही प्यायचो."

ठाण्यात एकेकाळी साठाच्या वर तळी होती असं जुने लोक सांगतात. आता पस्तीसच्या आसपास उरली आहेत. उरलेल्यांची निगा दिसते, हे मान्य करायला हवं. महापालिकेच्या समोरचं कचराळी तळं पाहा. नाव असं, पण सकाळी तिथे इतके लोक चालायला येतात की उलट्या दिशेने निघालात तर दहा जण तुम्हाला दिशा समजावतील. उथळसरचं जोगिला तळं तर बुजून त्यावर झोपड्या उभ्या राहिल्या होत्या, ते पुन्हा खणून काढलं. मामाला याचं फार कौतुक. मेलेलं तळं परत येतं हे त्याने बहात्तर वर्षांत प्रथम पाहिलं.

पण सुशोभीकरणाच्या या सगळ्या आराखड्यांत एक गृहीत आहे, की तळं ही बघायची वस्तू आहे. भोवती फिरा, बाकावर बसा, दिवे पाहा, फोटो काढा. पायऱ्या असल्या तरी त्यांना फाटक आणि फाटकाला कुलूप. कारणं मला कळतात. बुडणारे असतात, पाण्यात सांडपाणी झिरपतं, कोण जबाबदारी घेणार? तरी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पोरं डबा बांधून पोहायला शिकली, त्या गावात आता पाणी दिसतं सगळीकडे आणि अंगाला लागत कुठेच नाही, हे चमत्कारिक वाटतं.

यावर उपाय म्हणून मामाने आम्हाला एका तरणतलावावर नेलं. नाव सांगत नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, सभासद आहात का? नाही. पाहुणे म्हणून? रविवारी पाहुणे नाहीत. मुलाची टोपी आहे का? आहे. डॉक्टरचा दाखला? मामा खिडकीवर वाकला. "पोहायला दाखला?" "हो काका, त्वचारोग नाही, अमुक नाही, तमुक नाही." "आमच्या वेळी तळ्यात म्हशी असायच्या हो," मामा म्हणाला. गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "म्हशींना दाखला लागत नाही." मागच्या रांगेतले लोक हसले. धाकटा हसला नाही. गॉगल त्याने कपाळावरून काढून खिशात ठेवला, आणि मला एकदम भडभडून आलं.

दुपारी बाडबिस्तरा घेऊन येऊरकडे निघालो. वाटेत पोखरण रस्ता. पोखरण म्हणजे पुष्करिणीचा झिजलेला शब्द, म्हणजे पुन्हा तळंच. रस्ता संपतो तिथे उपवन. ठाण्यातलं सगळ्यात देखणं तळं हेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका बाजूला रस्ता आणि इमारती, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर सरळ पाण्यात उतरल्यासारखा. काठाला पालाईदेवीचं देऊळ. आम्ही पायऱ्यांवर बसून मामीने दिलेल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. पाण्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हं घेत होते.

"यांना कोण सोडतं आत?" धाकट्याने विचारलं.

तळ्याकाठी तंबू ठोकायची मामाची कल्पना इथेच निकालात निघाली. उपवनच्या काठावर रात्री राहता येत नाही, आणि वर डोंगरात जंगलात तर नाहीच नाही, कारण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. जवळपास १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं, एका महानगराच्या मधोमध, आत बिबटे. तंबू लावता येतात ते येऊर गावातल्या खासगी जागांमध्ये. मामाच्या ओळखीच्या माणसाची अशी एक वाडी होती. वनखात्याच्या नाक्यावर गाडीचा नंबर लिहून घेतला, डिकी उघडून पाहिली, दारूच्या बाटल्या नाहीत याची खात्री झाली आणि आम्ही वर गेलो.

आणि वर हवाच बदलली. खाली अंगातला स्वेटर काढावा लागला होता, इथे परत घातला. साग उघडे पडू लागलेले, वाटेवर त्यांची ताटाएवढी पानं, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. वाडीत आंबे, फणस, तीन तंबू आणि एका कोपऱ्यात, मामाने आमच्यापासून लपवून ठेवलेलं आश्चर्य: पोहण्याचा छोटा हौद!

धाकटा धावत गेला. हौद कोरडा ठणठणीत होता. तळाशी सागाची तीन पानं.

"संध्याकाळी भरणार," तिथले दादा म्हणाले. "टँकर येतोय."

तळ्यांच्या गावात, उपवनपासून दहा मिनिटांवर, पोहायचं पाणी टँकरने. मी मामाकडे पाहिलं. मामा आंब्याचा मोहोर बघत होता.

टँकर अंधार पडता पडता आला. आजपर्यंत मी टँकरचं एवढं स्वागत झालेलं पाहिलेलं नाही. धाकट्याने पाइपाचं तोंड धरायला मदत केली, पाणी किती बोटं चढलं ते दर पाच मिनिटांनी येऊन सांगितलं आणि आत्ताच उतरतो म्हणून हट्ट धरला. पाण्यात हात घातला तर हाडं गोठली. सकाळी, असं ठरलं.

रात्रीचं जेवण पोपटी. ते दादा बाळकुमचे, आगरी. ही त्यांच्याकडची थंडीतली खास गोष्ट, रायगडापासून इकडे नवी मुंबई-ठाण्यापर्यंतची. नाशिकला हुरडा, इथे पोपटी. मी पदर खोचून शेजारी बसले आणि नीट पाहून घेतलं. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला. हे रानात उगवणारं झुडूप, वास ओव्याच्या जवळचा पण उग्र. त्यावर गावठी वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग बटाटे, कांदे, रताळी, अंडी. मसाला चोळलेलं चिकन केळीच्या पानात बांधून मधोमध. पुन्हा शेंगा आणि वरून पाला गच्च दाबून तोंड बंद. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा, आणि पेटवायचं.

"पाणी किती?" मी विचारलं.

"यात पाणी नाय पडत, ताई. थेंब पण नाय." शेंगांतल्या आणि पाल्यातल्या ओलाव्यावरच सगळं शिजतं.

आग चांगली तीन-चार फूट उठली. अर्धा-पाऊण तास झाल्यावर दादांनी बोटं बुडवून मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब जागच्या जागी उडाले. "झाली." मडकं काठीने बाहेर ओढून केळीच्या पानावर उलटं केलं तेव्हा जो वास सुटला, तो शब्दांत सांगायचा प्रयत्न करणार नाही. धुरकट, ओवट, कोवळा. शेंगा दातांनी ओढून खायच्या. थोरली, जिला घरी वालाची उसळ बघवत नाही, तिने साठ-सत्तर शेंगा खाल्ल्या असतील. मी टरफलं पाहिली.

इथपर्यंत सगळं चित्रासारखं होतं. साडेनऊला शेजारच्या बंगल्यात कोणाचा तरी वाढदिवस सुरू झाला. डीजे. जमिनीतून ठोके येत होते, तंबूच्या दोऱ्या थरथरत होत्या. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात हे चालतं, त्यावर तक्रारी होतात, बातम्या येतात आणि पुढच्या शनिवारी, रविवारी पुन्हा तेच. राखणीला असलेले काका पाटोणापाड्याचे, वारली. ते शेकोटीशी शांत बसून होते. मी म्हटलं, काका, या आवाजाने बिबट्या नाही का पळून जात?

"त्याला सवय झाली," ते म्हणाले. "मला नाय झाली अजून."

त्यांच्या लहानपणी पाड्यावर वाघोबाला नारळ देत, तो अजूनही देतात. वाघोबाची पूजा करायची म्हणजे भीती गेली असं नाही, ओळख राहते, असं काहीसं ते म्हणाले. मुलांना त्यांनी दोनच नियम सांगितले: रात्री एकटं लघवीला जायचं नाही आणि वाकून बसायचं नाही. उभा माणूस बिबट्याला माणूस वाटतो, बसलेला काहीतरी वेगळंच वाटतो. यानंतर थोरली सकाळपर्यंत तंबूबाहेर पडली नाही.

अकराच्या सुमारास गाणी बंद झाली. अर्धा चंद्र पश्चिमेला कलला होता. मग हळूहळू जंगल ऐकू यायला लागलं. रातकिडे, कुठेतरी रातव्याचं ठोकठोक. आणि डोंगराच्या खाली, लांबून, घोडबंदर रस्त्याची न थांबणारी गुरगुर. मामा घोरत होता. तोही त्या आवाजांतलाच एक.

सोमवार

पहाटे जाग आली ती धप्प या आवाजाने. तंबूची चेन उघडून पाहिलं तर हौदात मामा. बहात्तर वर्षांचा, हाफ चड्डीवर, त्या बर्फासारख्या पाण्यात उताणा पडून तरंगत होता. हातपाय सैल, डोळे मिटलेले, पोट वर. जराही हालचाल नाही. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मग त्याने एक पाय हलवला.

"डबा बांधलेला माणूस बुडत नाही," तो डोळे न उघडता म्हणाला.

धाकटा गॉगल लावून काठावर उभा होता, दात वाजत होते. तीन दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं आणि आता धीर होईना. एक पाय घातला, काढला. दुसरा घातला, काढला. हौद खोल नव्हता, मामाच्या छातीपर्यंत पाणी. मामा उभा राहिला, दोन हात पुढे केले. "ये. ढकलायला मागे कोणी नाहीये. स्वतःच ये."

आला. आधी किंकाळी, मग शिव्या नाहीत पण त्यांच्या जवळपासचं काहीतरी, मग हसू. वीस मिनिटं दोघं होते पाण्यात. मामाने त्याला मुटका शिकवला, जो शिकवायची माझी तयारी नव्हती. बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे झाले होते. टॉवेलात गुंडाळून शेकोटीजवळ बसवला, हातात चहा दिला. म्हणाला, "हे पाणी कुठल्या तळ्याचं असेल?" टँकरवाल्याने सांगितलं नव्हतं.

नंतर राखणदार काकांबरोबर पाड्याच्या वाटेने थोडं फिरलो. पळस अजून फुलायचा होता, कळ्या काळ्या मखमली. काटेसावरीला चार-दोन लाल फुलं आली होती आणि तेवढ्यावर मैना आणि बुलबुलांची झुंबड उडाली होती. एका फांदीवरून भृंगराज उडाला, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाला पिसांचे गोंडे, जणू त्याच्या मागे दोन भुंगे लागलेत. धाकट्याने खरंच तसंच विचारलं. पाड्यावरच्या शाळेत झेंडावंदन झालं होतं, पोरं हातात जिलेबी घेऊन घरी चालली होती. आमच्या दोघांनाही एकेक मिळाली.

खाली उतरून घरी बॅगा टाकल्या. गाडीला वेळ होता आणि मला एक जागा बघायची होती, नाशिककर म्हणून. ठाण्याचं कारागृह.

बाहेरूनच पाहता येतं, पण भिंत पाहिली तरी कळतं की ही मुळात तुरुंगाची नव्हे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेच्या सुरुवातीलाच मराठ्यांनी तो घेतला, १७७४ला इंग्रजांनी. इथेच १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्याला जेमतेम चार महिने झाले होते. "कान्हेरे म्हणजे आपलं गोल्फ क्लबचं मैदान?" थोरलीने विचारलं. हो, अनंत कान्हेरे मैदान, जिथे तिच्या शाळेच्या क्रिकेटच्या मॅच होतात. अठरा-एकोणीस वर्षांचा होता तो, एवढंच मी सांगितलं. ती भिंतीकडे बघत राहिली. तिला आता चौदावं आहे.

वातावरण जड झालं तशी मामाने त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट काढली. पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी इथे डांबलं होतं, पहाऱ्यावर गोरे शिपाई, म्हणजे फितुरीचा प्रश्न नको. किल्ल्यातल्या एका साहेबाकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला लागला. तो रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा. शिपायांना वाटायचं गडी हौशी आहे. गाण्यात निरोप होते! १८१६च्या सप्टेंबरात एका रात्री त्र्यंबकजी पसार.

"म्हणजे त्यांना मराठी येत असतं तर..." थोरली म्हणाली.

"तर तो दुसऱ्या भाषेत गायला असता," मामा म्हणाला.

साडेचार वाजले होते. चहासाठी पुन्हा तलावपाळीला आलो. कुठून तरी ढोलकी आणि झांजांचा आवाज. माघी गणपती, पाच दिवसांचे, विसर्जनाला निघालेले. काठाशी पत्रे लावून, आत निळा कापड अंथरून केलेला कृत्रिम तलाव होता. कार्यकर्ते मूर्ती हातात घेत आणि अलगद त्यात उतरवत. ठाण्याने ही पद्धत फार आधी सुरू केली, आणि ती योग्यच आहे. प्लास्टर विरघळत नाही, रंगांनी पाणी नासतं, मासे मरतात. मामासुद्धा, ज्याला बदललेलं काहीच आवडत नाही, म्हणाला, "हे मात्र बरं केलं."

धाकटा कठड्याला टेकून बघत होता. डाव्या हाताला मासुंदा, संध्याकाळच्या उन्हात चकाकणारं. उजव्या हाताला तो हौद, दोन खोल्यांएवढा. एक छोटी शाडूची मूर्ती आली, एका आजींच्या हातात. आरती झाली, पुढच्या वर्षी लवकर या झालं, आणि बाप्पा हौदात गेला.

"मामा," त्याने विचारलं, "बाप्पाकडे पण डॉक्टरचा दाखला नव्हता का?"

शेजारच्या आजी वळून त्याच्याकडे बघायला लागल्या. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग मला रिक्षा शोधायला पळावं लागलं, कारण पंचवटीला अर्धाच तास उरला होता.